कलमाची फांदी : 'आफ्टर यांग' हा चित्रपट पाहताना

तिसरीच्या वर्गात 'हमारा खानदान' हा विषय चालू होता. मुलांनी वहीत एक झाड काढायचे. मुळाशी दादा-दादी, नाना-नानी, खोडावर अम्मी-अब्बा आणि फांद्यांवर आपण भावंडे, असे ते काम. एक मुलगी बराच वेळ रिकाम्या झाडाकडे बघत बसली होती. ती अगदी लहानपणापासून खालाकडे वाढलेली. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "टीचर, मैं मेरा नाम किधर लिखूँ?" शेजारच्या मुलाने माझ्याआधी उत्तर देऊन टाकले, "टीचर, इसकी असली अम्मी दूसरी है." मी त्याला गप्प केले, मुलीला म्हणाले, "बेटा, खाला के नाम के ऊपर लिख दो," आणि पुढच्या बाकाकडे वळले. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण मिळवलेल्या शिक्षिकेचे हे उत्तर. घरी आल्यावर त्याची लाज वाटली, पण त्याहून चांगले उत्तर सुचलेही नाही.

पुढे काही महिन्यांनी 'आफ्टर यांग' हा इंग्रजी चित्रपट पाहण्यात आला आणि त्यात हाच प्रसंग समोर आला. फरक इतकाच, की तिथे मुलीला उत्तर देणारा शिक्षक एक यंत्रमानव होता, आणि त्याचे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी चांगले होते. म्हणून या चित्रपटावर लिहायचे ठरवले.

विज्ञानपट म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर अंतराळयाने, स्फोट आणि जगावर राज्य करायला निघालेली यंत्रे येतात. जयंत नारळीकरांच्या कथा वाचलेल्या मराठी वाचकाला विज्ञानकथा म्हणजे विचारही असतो हे ठाऊक आहे. पण पडद्यावर तो क्वचितच दिसतो. 'आफ्टर यांग'मध्ये एकही स्फोट नाही. एका घरातला यंत्रमानव बंद पडतो आणि घरातली माणसे त्याच्यावाचून काही दिवस काढतात, एवढीच ९६ मिनिटांची गोष्ट. २०२१ साली कान महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला, २०२२च्या सनडान्स महोत्सवात त्याला विज्ञानविषयक चित्रपटासाठीचे स्लोन पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कोगोनाडा जन्माने कोरियन, वाढलेले अमेरिकेत. हे त्यांचे टोपणनाव आहे आणि ते जपानी दिग्दर्शक ओझू यांचे पटकथाकार कोगो नोदा यांच्या नावावरून घेतलेले आहे. ओळख, नाव आणि मूळ यांच्याबद्दलचा चित्रपट अशा माणसाने करावा हे साहजिकच म्हणायचे. कथेचा आधार अलेक्झांडर वाइनस्टाइन यांची एक लघुकथा आहे. त्या कथेत यांग न्याहरीच्या टेबलावर बसलेला असताना अचानक समोरच्या वाडग्यात डोके आपटू लागतो. चित्रपटात मात्र घरातले चौघे एका नृत्यस्पर्धेत एकत्र नाचतात, बाद होतात, थांबतात आणि यांग एकटाच नाचत राहतो. बिघाडाची सुरुवात अशी आनंदाच्या क्षणी दाखवणे हे दिग्दर्शकाचे स्वतःचे.

गोष्ट अशी. जेक (कॉलिन फॅरेल) चहापत्तीचे छोटे दुकान चालवतो. त्याची पत्नी कायरा (जोडी टर्नर-स्मिथ) नोकरीत गुंतलेली. तो गोरा, ती कृष्णवर्णीय, आणि त्यांनी दत्तक घेतलेली मुलगी मिका चिनी. मुलीला आपल्या मुळाची, भाषेची, संस्कृतीची ओळख राहावी म्हणून आईबापांनी तिच्यासाठी एक 'मोठा भाऊ' विकत आणला. तोच यांग (जस्टिन एच. मिन). दिसायला चिनी तरुण, आत यंत्र. तोही कोरा करकरीत नव्हे. दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, म्हणजे आपल्या भाषेत सेकंडहँड. मिका त्याला 'गेगे' म्हणते. आमच्याकडे जसे भाईजान, तसे चिनी भाषेत गेगे. तो तिला चीनबद्दलच्या गमतीदार गोष्टी सांगतो, शब्द शिकवतो, झोपवतो. आणि एके दिवशी बंद पडतो. दुरुस्तीसाठी जेक त्याला घेऊन फिरतो. ज्या दुकानातून घेतला ते दुकानच आता राहिलेले नाही. फार दिवस असाच ठेवला तर यांगचे शरीर माणसाच्या शरीरासारखे कुजू लागेल. या धावपळीत यांगच्या आत एक स्मृतिकोश सापडतो. रोज फक्त काही सेकंद टिपून ठेवण्याची त्याला सोय होती. कोणते सेकंद ठेवायचे ते तोच निवडत असे. जेक एक चष्मा लावून ते तुकडे पाहू लागतो आणि इथून चित्रपट खऱ्या अर्थाने सुरू होतो.

आधी यांगच्या ज्ञानाकडे पाहू, कारण शिक्षक म्हणून मला तिथेच ठेच लागली. यांगला चीनबद्दल सगळे ठाऊक आहे. इतिहास, सण, चहाची झाडे, म्हणी. कंपनीने ते भरूनच दिले आहे. पण तो चीनला कधी गेलेला नाही, जन्म कारखान्यातला, आणि चिनी चेहरा हासुद्धा त्याला दिलेला. दुकानात एकदा तो जेकला विचारतो, तुम्हाला चहाचे वेड कसे लागले? जेक सांगतो, विद्यार्थी असताना एका माहितीपटात एक माणूस चहाच्या चवीचे वर्णन करताना पाहिला. पाऊस थांबल्यावर ओल्या पानांवरून रानात चालावे, तसे काहीसे या पेल्यात आहे, असे तो म्हणत होता. यांग लक्ष देऊन ऐकतो आणि मग म्हणतो, की चहाबद्दल मला माहिती खूप आहे, पण एखाद्या जागेची, एखाद्या वेळेची खरी आठवण असती तर बरे झाले असते. जेकही मान्य करतो, की ते रान आपल्याला पेल्यात सापडतेच असे नाही. दोघेही एका अर्थी उधार चवीवर जगणारे. एकाने ती पडद्यावरून घेतली, दुसऱ्यात कंपनीने भरली.

हा प्रसंग पाहून मी माझ्या वर्गात येऊन पोहोचले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझी मुले घरात जी बोली बोलतात ती पुस्तकातली उर्दू नसते. पुस्तकात दिल्ली-लखनौची तहजीब, तिथले बाग, तिथले अदब-आदाब. मुलांपैकी बहुतेकांनी ती शहरे पाहिलेलीही नाहीत. ती शेजारी मराठीत भांडतात, बाजारात मराठीत हिशेब करतात आणि परीक्षेत उर्दूत निबंध लिहितात. मी त्यांना माहिती देते, तीही खऱ्या कळकळीने देते. पण चहाच्या त्या दुकानातला प्रश्न माझ्यापुढेही उभाच आहे. जी तहजीब मी शिकवते तिची माझ्याजवळ आठवण किती आणि माहिती किती? माहितीने मुलाला त्याचे मूळ मिळते का? हा प्रश्न उर्दू शाळेपुरता नाही. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाला सुट्टीच्या शिबिरात ओव्या शिकवणाऱ्या बाईंचाही तो आहे. चित्रपट या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देत नाही. पण माहिती देणाऱ्याची तो थट्टाही करत नाही, हे महत्त्वाचे. यांगने सांगितलेल्या गमतीदार गोष्टी मिका कदाचित विसरेल. त्या सांगताना तो तिच्या उशाशी बसला होता, हे ती विसरणार नाही. ज्ञान देण्याच्या निमित्ताने नाते तयार होते, आणि मग ते नातेच मुलाचे मूळ होते. माझ्या मते चित्रपटाचे म्हणणे इथे आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहिते आहे तो. शाळेतली मुले मिकाला म्हणतात, की तुझे आईबाप तुझे खरे आईबाप नाहीत. ती ते यांगला सांगते. यांग तिला सफरचंदाच्या बागेत घेऊन जातो आणि एका झाडावर पट्टी बांधलेली फांदी दाखवतो. ही फांदी दुसऱ्या झाडाची आहे. इथे जोडली आहे आणि आता ती या झाडाचीच होत चालली आहे. पुढे तो एवढेच जोडतो, की ती जिथून आली ते झाडही महत्त्वाचे आहे आणि हेही. प्रसंग संपतो. कुणी रडत नाही, संगीत वर चढत नाही. मुलगी फांदीकडे पाहते.

याला आपण कलम म्हणतो. मराठीतही कलम, उर्दूतही कलम. लिहिण्याचेही कलम आणि झाडाचेही कलम. अरबीतून निघालेला हा शब्द फारसीच्या वाटेने दोन्ही भाषांत आला आणि दोन्हीकडे इतका रुजला, की तो बाहेरचा आहे असे कोकणातल्या बागायतदाराला वाटतही नाही. त्याला विचारा, तो यांगपेक्षा एक पाऊल पुढचे सांगेल. खाली खुंट असतो रायवळ आंब्याचा, कोयीतून उगवलेला. त्यावर हापूसची काडी बांधतात. मुळे रायवळची, पाणी रायवळचे, जमिनीतला सगळा रस रायवळ वर पाठवतो. पण फळ धरते ते हापूसचे. काडी खुंटाशी एकजीव होते, तरी आपली जात सोडत नाही. खुंटही आपले मूळ सोडत नाही. खुंटाशिवाय काडी वाळून जाईल आणि काडीशिवाय खुंट रायवळच राहील. मिकाला यांगने जे सांगितले ते खरे आहे, पण त्यातला हा भाग राहून गेला. दत्तक मुलीने नव्या झाडाची होण्यासाठी आपले फळ बदलायला नको. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मला हे सांगता आले असते. आणि सभासमारंभात जे मला कौतुकाने म्हणतात, "तुमचे मराठी किती छान आहे हो!", त्यांनाही. चारशे वर्षांपूर्वीच्या कलमाला कुणी विचारत नाही, की या मातीत तू कसा काय रुजलास?

पण चित्रपटाची खोली मिकाच्या प्रश्नात जेवढी आहे त्याहून जास्त यांगच्या प्रश्नात आहे. मिकाला कलमाचा धडा शिकवणारा यांग स्वतः कुठल्या झाडाचा? स्मृतिकोशात खोल गेल्यावर जेकला कळते, की हे घर यांगचे पहिले नव्हे. याआधी तो दुसऱ्या घरांत राहून आला आहे. त्यातल्या एका घरात एडा नावाची तरुणी येत असे. तिच्यावर त्याचा जीव जडला आणि ती अपघातात गेली. पुढे जेकच्या घरी असताना त्याला तिच्याच चेहऱ्याची दुसरी एडा (हेली लू रिचर्डसन) भेटली. ती पहिलीपासून तयार झालेली क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रतिकृती. ती कॉफीच्या दुकानात काम करते आणि पहिल्या एडाबद्दलचे यांगचे गुपित तिला माहीतही नाही. जेकला ते चष्म्यातून कळते. ज्याला आपण वस्तू समजून आणले त्याला आपल्याआधीचे एक संपूर्ण आयुष्य होते, प्रेम होते, शोक होता, आणि आपण कधी विचारलेच नाही! यांग म्हणजे तोडून तोडून पुन्हा बांधलेली काडी. प्रत्येक घराने त्याला आपल्या कामापुरते जोडले. तरी प्रत्येक ठिकाणी त्याने काही टिपून ठेवले : पानांवरचे ऊन, कपातला चहा, आरशातला स्वतःचा चेहरा, लहानगी मिका. नेमून दिलेल्या कामात हे नव्हते. रोजच्या काही सेकंदांच्या निवडीतून यांग नावाचा कुणीतरी तयार झाला. ओळख म्हणजे काय, याचे मला पटलेले उत्तर हे आहे. चेहरा दुसऱ्याने दिला, ज्ञान दुसऱ्याने भरले, घर दुसऱ्याने निवडले. काय लक्षात ठेवायचे ते मात्र त्याचे त्याने ठरवले.

जेक एडाला विचारतो, यांगला माणूस व्हायचे होते का? एडाला हसू येते. हा प्रश्न माणसालाच सुचू शकतो, सगळ्यांना आपल्यासारखेच व्हायचे असते असे माणसांना का वाटते, असे ती विचारते. यंत्रमानवांच्या चित्रपटपरंपरेत हे उत्तर वेगळे उठून दिसते. १९८२च्या 'ब्लेड रनर'मधले कृत्रिम मानव जास्त आयुष्यासाठी झगडतात. २००१च्या स्पीलबर्गच्या 'ए.आय.'मधला छोटा डेव्हिड आईचे प्रेम मिळावे म्हणून खरा मुलगा होण्याची वाट पाहतो. यांगला कुणाच्या रांगेत बसायचे नाही. त्याला पडलेला प्रश्न निराळाच होता. एडा सांगते, की आशियाई असणे म्हणजे नेमके काय, असे तो विचारत असे. बहुसंख्याकांना नेहमी वाटते, की इतरांना त्यांच्यासारखे व्हायचे आहे. इतरांना बहुधा एवढेच हवे असते, की आपण जे आहोत ते नेमके काय, हे शोधायला सवड मिळावी.

जेक काही आदर्श माणूस नाही, हेही चित्रपट लपवत नाही. शेजारी जॉर्जच्या मुली क्लोन आहेत म्हणून तो त्याच्याशी अंतर राखून वागतो. चिनी मुलगी दत्तक घेणारा, स्वतःला उदार समजणारा हा गृहस्थ क्लोनच्या बाबतीत मात्र जुन्याच जातीभेदाने वागतो. प्रत्येक पिढी एक पूर्वग्रह टाकते आणि दुसरा उचलते, हे दिग्दर्शकाने एकही भाषण न देता दाखवले आहे. कायराही एका ठिकाणी कबूल करते, की मिकाला वाढवण्याचे काम आपण यांगवर फार टाकले. आईबाप कामात, मूल यंत्रापाशी : यासाठी भविष्यात जायची गरज नाही. पालकसभेला रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या मला दरवर्षी दिसतात.

मांडणीबद्दल थोडे. ओझूंचा अभ्यास सगळीकडे जाणवतो. कॅमेरा दाराच्या चौकटीतून, काचेतून शांतपणे पाहतो. भविष्यातली घरे लाकडाची, मोटारीतसुद्धा झाडे. आठवणींच्या प्रसंगांत एकच वाक्य दोनदा येते, दुसऱ्यांदा किंचित वेगळ्या स्वरात. सुरुवातीला ही तांत्रिक चूक वाटते. मग लक्षात येते, की आठवण अशीच येते. आस्का मात्सुमिया यांच्या संगीताला रियुइची साकामोतो यांच्या एका धूनीची जोड आहे. जस्टिन मिनचा अभिनय विशेष. डोळ्यांत एवढीशी उत्सुकता ठेवून त्याने यंत्राला आदब दिली आहे. स्मृतिकोश ताऱ्यांच्या आकाशासारखा दाखवण्याची कल्पना सुंदर, पण थोडी जास्त सुंदर. काही ठिकाणी दुःखापेक्षा सजावट पुढे येते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. यांग विकत घेतलेला आहे. नम्र, सोशिक, कधी आवाज न चढवणारा आशियाई भाऊ, पैसे देऊन आणलेला. तो कधी रागावत नाही, कधी नकार देत नाही. जगात इतरांची मुले सांभाळायला घर सोडून गेलेल्या लाखो बायकांचे आयुष्य असेच असते, आणि त्यांच्याही आठवणी कुणी विचारत नाही. संग्रहालयाच्या तज्ज्ञ क्लिओ (सरिता चौधरी) यांगला अभ्यासासाठी, प्रदर्शनासाठी मागतात. त्याच्या आठवणींवर हक्क कुणाचा, हा प्रश्न तिथे उभा राहतो. पण दिग्दर्शक त्याला हळुवार बगल देतात. यांग एकदा तरी चिडला असता तर त्याची सौजन्यमूर्ती तुटली असती आणि माणूसपण वाढले असते. दुसरी तक्रार मिकाबद्दल. भाऊ तिचा गेला, पण शोक बापाचा चालतो. मलेया एमा चंद्रविद्जाया ही लहान मुलगी फार जिवंत काम करते. तरी चित्रपटाच्या मध्यात ती बराच काळ दाराआडच राहते. मोठी माणसे मुलांचे दुःख आपल्या दुःखाच्या मागे ठेवतात, ही वर्गातलीही रीत आहे. इथे ती दिग्दर्शकाकडूनही घडली.

तरी शेवटी तो तिच्यापाशी परततो. बाप आणि लेक शेजारी बसलेली असतात आणि मिका एक गाणे गुणगुणू लागते. ते गाणे यांगचे आवडते होते, हे आपल्याला त्याच्या स्मृतिकोशातून कळलेले असते. तिला ते कुणी पाठ म्हणून शिकवलेले नाही. कंपनीने भरून दिलेल्या चीनच्या माहितीत ते नव्हतेच. ते एका जपानी चित्रपटातले गाणे. गेगेने शिकवलेले सगळे धडे एका बाजूला आणि नकळत दिलेले हे गाणे एका बाजूला. काडी खुंटाशी जुळली की नाही, हे पट्टी सोडल्यावरच कळते.

त्या मुलीची वही अजून माझ्या लक्षात आहे. तिने खालाच्या नावावर आपले नाव लिहिले होते, मी सांगितले तसे. पण मी पुढच्या बाकाकडे गेल्यावर तिने झाडाच्या बाजूला आणखी एक छोटे झाड काढले होते आणि त्यावर नाव न लिहिता तसेच ठेवले होते. तपासताना मी त्यावर बरोबरची खूण करून पुढचे पान उलटले. आज ती वही पुन्हा हातात आली, तर मी त्या दोन झाडांबद्दल तिच्याशी बोलत बसेन. तास संपला तरी चालेल.